रात्रीचा घूंऽऽ आवाज: मोटार बदलण्याआधी काय तपासायचं

लातुरात माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. पंखे, कूलर, मोनोब्लॉक, बोअरच्या सबमर्सिबल, जे जळतं ते आमच्याकडं येतं. पण दर उन्हाळ्यात काही मोटारी अशाही येतात ज्यांना काहीच झालेलं नसतं. गिऱ्हाईक म्हणतं, "रात्री घरात घूंऽऽ आवाज यायलाय, बेअरिंग टाका." आपण बेअरिंग टाकतो, पैसे घेतो. आठ दिवसांनी तोच माणूस तीच मोटार घेऊन परत दारात. आवाज होता तसाच.

पहिली काही वर्षं मीही पुन्हा मोटारच खोलायचो. पुढं कळलं की अशा तक्रारींत मोटार बहुतेक वेळा ठीक असते, आवाज घराच्या अंगात असतो. तो शोधायचा तर "किती मोठा येतो?" हा प्रश्न कामाचा नाही. कसा येतो, कधी येतो आणि खोलीत कुठं उभं राहिल्यावर जास्त येतो, एवढं विचारलं की निम्मं काम होतं.

हे एका घराच्या निमित्तानं सांगतो, कारण तिथं मी स्वतः दोनदा चुकलो.

औसा रोडच्या बाजूचं एक रो-हाउस. दुकानात येणाऱ्या एका सरांचं. त्यांच्या आई, मी त्यांना मावशी म्हणतो, खालच्या खोलीत झोपतात. मावशींचं माहेर-सासर दोन्ही किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली त्यांच्यासमोर रात्रीच्या आवाजाची गंमत करू नये. त्या मला म्हणाल्या, "लेकरा, जमिनीतून आवाज यायलाय. उशीला कान लावला की लई येतोय. ही म्हणतात माझे कान वाजायलेत."

त्यांची भीती काही हवेतली नव्हती. हिंगोली जिल्ह्यात वसमतच्या बाजूला जमिनीतून गूढ आवाज येतात, हे पेपरात वरचेवर येतं. त्यामुळं आधी तेवढंच स्पष्ट केलं: जमिनीतला आवाज गडगडून काही सेकंदांत संपतो, बऱ्याचदा त्याबरोबर भांडी वाजतात. तो तास-दीड तास एका सुरात चालत नाही. मावशींचा आवाज अकराला सुरू होऊन साडेबारापर्यंत चालायचा. म्हणजे तो माणसानं केलेला होता.

कान वाजण्याची शंकाही तिथंच मिटवली. आवाज चालू असताना दोन्ही कानांत बोटं घट्ट घालायची. आवाज गेला किंवा खूप कमी झाला तर तो बाहेरचा. तसाच राहिला, उलट वाढला, आणि दुसऱ्या घरात, शेतात गेल्यावरही सोबत आला, तर मोटारवाल्याकडं येऊ नका, कानाच्या डॉक्टरकडं जा. मावशींनी बोटं घातली आणि म्हणाल्या, "गेला." सरांचं तोंड जरा उतरलं.

आधी कॅलेंडर, मग पाना

सरांना सांगितलं, दहा-बारा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. आवाज आला त्या रात्री फुली, बाजूला सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ. लोकांना हे काम आवडत नाही, त्यांना वाटतं मी टाळतोय. पण आवाजाची वेळ ही त्याची अर्धी ओळख असते. दहा-वीस मिनिटं चालून तेवढाच वेळ बंद राहतो, दिवसरात्र तेच, तर तो फ्रीजचा कॉम्प्रेसर. फक्त दुपारी आणि उन्हाळ्यात, तर कुणाचा तरी कूलर. लाइट गेल्यावरच येतो, तर इन्व्हर्टर. त्यावर पुढं बोलतो. संध्याकाळी बारीक आणि मध्यरात्रीनंतर वाढतो, तर डीपीकडं, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरकडं बघायचं.

डीपी घुमतो तो आतला लोखंडी गाभा चुंबकत्वानं किंचित लांब-आखूड होतो म्हणून. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांची, पण गाभा एका फेऱ्यात दोनदा ताणला जातो, त्यामुळं सूर १०० हर्ट्झचा निघतो आणि त्याच्या जोडीला २००, ३०० चेही बारीक सूर. रात्री गल्लीतला लोड उतरतो, व्होल्टेज चढतं, आणि गाभ्याचा आवाज व्होल्टेजबरोबर वाढतो. सगळे झोपल्यावर डीपी जास्त बोलतो असं लोक म्हणतात, ते खोटं नाही.

या घरापासून चाळीसेक फुटांवर डीपी होता, त्यामुळं सगळ्या गल्लीनं आधीच निकाल लावून ठेवलेला. अर्जही दिलेला. लाइनमन येऊन "डीपी ठीक आहे" सांगून गेला होता, आणि त्यावर कुणाचा विश्वास नव्हता. माझाही नव्हता. ही माझी पहिली चूक.

बारा दिवसांनी कॅलेंडर पाहिलं तर फुल्या सगळ्या रात्री नव्हत्या. मोजक्याच. मी सहज विचारलं, "नळ कधी आला होता?" सरांच्या मिसेस आतूनच म्हणाल्या, "ज्या दिवशी फुली, त्याच दिवशी." डीपी काही नळाच्या पाळ्या बघून घुमत नाही.

पाण्याचं इथं थोडं सांगायला हवं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हापासून नवं घर बांधणारा माणूस आधी हौदाचं माप विचारतो, मग किचनचं. नळाला काही दिवसांच्या अंतरानं पाणी येणार, ते खाली हौदात साठवायचं, मग मोटारीनं वर टाकीत चढवायचं. घरटी एक मोटार. ती बसवतो प्लंबर, आणि तो बघतो पाणी चढतं का. आवाज कुठून कुठं जाईल हे त्याच्या कामात धरलेलंच नसतं.

लाइट जाणं ही सगळ्यात चांगली तपासणी

पुढच्या नळाच्या रात्री मी तिथं गेलो. अकराला पाच-दहा मिनिटं कमी असताना आवाज सुरू झाला. मी मेन स्विच पाडला. आवाज चालूच. सर म्हणाले, "बघा, बाहेरचाच." थांबा म्हटलं, इन्व्हर्टर चालू आहे. लोक इथं हमखास फसतात. मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरचे पंखे आणि दिवे जिवंत राहतात, आणि इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर स्वतःही घुमतो. तोही बंद केला. पूर्ण अंधार, एकही पंखा नाही, आणि घूंऽऽ आणखी स्पष्ट. आता खात्री झाली की उगम या घरात नाही.

बाकीचं काम नशिबानं केलं. सव्वाअकराला सगळ्या गल्लीची लाइट गेली. (लातुरात राहण्याचे काही फायदे आहेत.) त्या दहा-बारा मिनिटांत तीन गोष्टी कळल्या.

पहिली म्हणजे आवाज थांबला. दुसरी, तो कापल्यासारखा थांबला नाही, उतरत गेला, हूंऽऽउउउ असा, एक-दोन सेकंद. डीपीचा आवाज वीज जाताच जागीच तुटतो, त्यात फिरणारं काहीच नसतं. जे उतरत थांबतं ते फिरत असतं. तिसरी गोष्ट सगळ्यात पक्की: सहा-सात मिनिटांनी लाइट आली, रस्त्यावरचा दिवा लागला, पण आवाज आला नाही. तो आला आणखी चार मिनिटांनी. म्हणजे कुणीतरी अंथरुणातून उठून स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. डीपीला बटण दाबायला माणूस लागत नाही.

आवाजाच्या रूपानंही तेच सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं. डीपीचा सूर सपाट असतो. हा सूर श्वास घेतल्यासारखा होता, घूंव-घूंव-घूंव, सेकंदाला चारेक वेळा. घरगुती पाण्याची मोटार बहुतेक दोन पोलची, मिनिटाला २८८०च्या आसपास फेरे, म्हणजे सेकंदाला ४८. फेऱ्याच्या दुपटीचा सूर ९६ हर्ट्झ, विजेच्या दुपटीचा १००. हे दोन जवळजवळचे सूर एकत्र वाजले की त्यांच्यातल्या फरकाइतक्या लाटा कानाला ऐकू येतात, सेकंदाला चार. तबला लावताना सूर जुळत आला की जी लहर ऐकू येते, तीच ही. म्हणून सपाट घूंकार आणि हेलकावणारा घूंकार यांतला फरक ओळखायला शिका, त्यानं डीपी आणि मोटार वेगळे पडतात.

सिंगल फेज मोटारीत ही १०० ची घूं जन्मजात असते, कारण मोटारीचा जोर विजेच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला कमी-जास्त होतो. बेअरिंग नवं टाकलं तरी ती जात नाही. बेअरिंगचा आवाज निराळा: घर्रर्र, वाळूत काहीतरी फिरल्यासारखा, आणि तो भिंतीपलीकडं सहसा जात नाही. भिंतीपलीकडं येते ती घूंच.

फोनचं ॲप आणि ३३ चा घोळ

सरांनी डेसिबल मोजायचं ॲप टाकलं होतं. त्यात आकडा आला ३३. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ ची मर्यादा आहे, दिवसा ५५ ची. म्हणून सर आईला म्हणत होते, "अगं, नियमापेक्षाही कमी आहे!"

ॲप खोटं बोलत नव्हतं, पण ते जो आकडा देतं तो 'ए' भारित असतो. माणसाचा कान बारीक आवाजात खर्ज कमी ऐकतो म्हणून हे मोजमाप खर्जातून मुद्दाम वजाबाकी करतं: १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल, ५० ला सुमारे ३०. खोलीत दुसरं काही वाजत नसेल आणि ही घूंच ३३ दाखवत असेल, तर तिची खरी पातळी ५२ च्या घरात असते. शिवाय नियम बनवले ते रस्ता, भोंगे, मंडप यांसाठी. एकाच सुराचा, हेलकावणारा खर्ज तेवढ्याच आकड्याच्या पावसाच्या आवाजापेक्षा कितीतरी जास्त टोचतो. पाऊस पडत असताना झोप लागते, डास एकटा असला तरी लागत नाही.

फोनचा माइक मोजणीला भरवशाचा नाही, पण सूर ओळखायला चालतो. सुरांचे उंचवटे दाखवणारं एखादं फुकट ॲप घ्या आणि सगळ्यात उंच टोक कुठं आहे ते बघा. १०० ला आणि सोबत २००, ३०० ला असेल तर ट्रान्सफॉर्मर जातीचं काहीतरी. ४८-४९ च्या आसपासही टोक असेल तर दोन पोलची मोटार, २४ ला असेल तर चार पोलची. पण स्वस्त फोन खाली नीट ऐकत नाही, त्यामुळं टोक दिसलं नाही म्हणून मोटार नाही असं धरू नका.

उशीला कान लावला की जास्त का?

मावशींचं हे म्हणणं घरात सगळ्यांनी हसण्यावारी नेलं होतं. पण ते अगदी बरोबर होतं. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी आपल्या उन्हाळ्यातल्या हवेत साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट. मावशींची खोली पलंगाच्या दिशेनं जवळजवळ तेवढीच. अशा खोलीत तो सूर समोरासमोरच्या भिंतींत अडकून उभा राहतो: दोन्ही भिंतींशी मोठा, खोलीच्या मधोमध मोठा, आणि भिंतीपासून तीनेक फुटांवर बारीक. आम्ही पलंग ओढून उशी भिंतीपासून तीन फूट आणली. मावशी आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "आता तिकडं गेला." सर खोलीच्या मध्ये उभे होते, त्यांना तो तेवढ्यात जोरात ऐकू आला. एकाच खोलीत एकाला आवाज येतो, दुसऱ्याला येत नाही, आणि घरात भांडणं लागतात, ती यामुळं. खर्जाचा आवाज तपासताना एका जागी उभं राहू नका. कोपऱ्यात जा, तिथं तो सगळ्यात मोठा असतो.

पलंग हलवणं हा उपाय नव्हे, पण त्या रात्री मावशी झोपल्या. उगम सापडेपर्यंत हे करा.

मावशी एकदा म्हणाल्या, "आमच्या माळवदाच्या घरात असलं कधी ऐकलं नाही." ऐकणार नाहीच. दोन-दोन हात रुंद भिंती, डोक्यावर मातीचा जाड थर. आवाज अडवायला वजन लागतं; भिंतीचं वजन दुप्पट झालं की पाच-सहा डेसिबल जास्त अडतात. शिवाय त्या भिंती दगड-मातीच्या, सुट्या जोडणीच्या, थरथर त्यांच्यातच मुरायची. तीच सुटी जोडणी किल्लारीत माणसांच्या अंगावर आली, त्यामुळं जुनं ते चांगलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आताचं घर कॉलम-बीम-स्लॅबचं, सगळं एकसंध ओतलेलं. खाली जिन्याखालच्या कोपऱ्यात मोटार थरथरली की वरच्या खोलीतली चार इंची भिंत बोलते. तंबोऱ्याची तार एकटी किती वाजेल? वाजतो भोपळा. घर हाच भोपळा झालाय.

शेजारच्या जिन्याखाली

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांकडं सरांना घेऊन गेलो. इथं एक सल्ला: भांडायला जाऊ नका, आणि "तुमची मोटार आवाज करते" असं तर मुळीच म्हणू नका. मी म्हणालो, "काका, तुमच्या मोटारीची थरथर भिंतीत जायली, अशानं फिटिंगचे जॉइंट सुटतील, बघू का?" काकांनी लगेच कुलूप काढलं. बिचारे व्होल्टेज चांगलं मिळतं म्हणून रात्री अकराला मोटार लावत होते. आपल्या घरात त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, ते झोपायचे वरच्या पुढच्या खोलीत.

एक एचपीची मोनोब्लॉक, सिमेंटच्या ओट्यावर बोल्टनं आवळलेली, ओटा दोन्ही घरांच्या सामाईक भिंतीला चिकटून. डिलिव्हरीचा पाइप त्याच भिंतीवरून गच्चीपर्यंत, दर तीन फुटांवर लोखंडी क्लॅम्प. मी मोटार चालू करायला लावली, लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला आणि टोक बेअरिंगच्या कव्हरवर लावलं. बेअरिंग गुळगुळीत. मग टोक पाइपच्या क्लॅम्पवर. कानात घूंव-घूंव नुसती ओतली. मावशींची उशी बरोब्बर पलीकडं. (फिरत्या पंख्याजवळ आणि उघड्या टर्मिनलजवळ हा प्रयोग करू नका.)

आता माझी दुसरी चूक. मी मोटार सोडवून खाली ट्रकच्या टायरचे तुकडे घातले आणि पुन्हा आवळली. सगळे असंच करतात. रात्री सरांचा फोन: काही फरक नाही.

कारण साधं होतं, आणि मला ते माहीत असायला हवं होतं. रबर दबलं तरच काम करतं. टायरचा तुकडा कडक, त्यावर दहा-बारा किलोची मोटार, ते दबणार किती? वर बोल्ट आवळल्यानं थरथर बोल्टमधूनच खाली उतरते. हिशेब असा: रबर वजनानं १ मिलिमीटर दबलं तर मोटार त्यावर सेकंदाला साधारण १६ वेळा डुलण्याच्या बेताची होते, ४ मिलिमीटर दबलं तर ८ वेळा. थरथर अडवायची तर हा आकडा मोटारीच्या ४८ च्या बराच खाली, निदान एक-तृतीयांशावर हवा. म्हणजे रबर एक-दीड मिलिमीटर तरी दिसेल असं दबलंच पाहिजे. कागद सरकवून बघा, बोटानं दाबून बघा. दगडासारखं लागलं तर त्याचा उपयोग नाही.

आणि त्याहून मोठी गोष्ट, पाइप तसाच होता. मोटारीखाली गादी घातली आणि तिचा हात भिंतीला खिळलेला ठेवला, असं झालं.

दुसऱ्या वेळी नीट केलं. ओटा भिंतीपासून छिन्नीनं चार बोटं सुटा केला. शहाबादी फरशीचे दोन जाड तुकडे एकावर एक चिकटवून त्यावर मोटार बोल्टनं बसवली, म्हणजे वजन वाढलं, आणि फरशीच्या चार कोपऱ्यांखाली मऊ रबरी पॅड. फरशी खाली कुठंही आवळली नाही, नुसती ठेवली. मोटारीच्या दोन्ही तोंडांना, सक्शनला आणि डिलिव्हरीला, दीड-दीड फूट जाळीचा रबरी होज क्लिपनं लावला. सक्शनला साधा होज चालत नाही, तो आत ओढला जाऊन चपटा होतो. आत तारेचं वेटोळं असलेलाच घ्या. पाइप सामाईक भिंतीवरून काढून काकांच्या बाहेरच्या भिंतीवर नेला, आणि प्रत्येक क्लॅम्पमध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. पाइप जिथं स्लॅबमधून वर जातो तिथं सिमेंट फोडून भोवती जागा केली आणि तीही रबरानं भरली. हे भोक लोक हमखास विसरतात. बाकी सगळं करून पाइप एका जागी जरी स्लॅबला घट्ट चिकटला, तरी सगळी मेहनत वाया.

सामान फार महाग नव्हतं. अर्धं काकांनी दिलं, अर्धं सरांनी.

त्या रात्री घूं गेली, पण मोटार बंद होताना ठक्क असा एक दणका येऊ लागला. तो आधीही असणार, घूंखाली दबलेला. मोटार थांबली की उभ्या पाइपातलं पाणी मागं फिरतं आणि एनआरव्ही, म्हणजे पाणी मागं जाऊ न देणारी झडप, उशिरा आपटून बंद होतो. स्प्रिंगवाला एनआरव्ही टाकला, तो पाणी उलटं फिरायच्या आत मिटतो. ठक्क गेलं.

पंखा, इन्व्हर्टर, कूलर

ही किरकोळ दुखणी, पण याच तक्रारी जास्त येतात. पंखा मधल्या स्पीडला घूं करतो आणि फुल केला की गप्प होतो, तर पंखा खोलू नका. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज कापून देतो त्याचा तो आवाज आहे. टप्प्याटप्प्याचा, कॅपॅसिटरवाला रेग्युलेटर टाका. लाइट गेल्यावर सगळेच पंखे एका सुरात रडायला लागले तर इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे, साइन वेव्हचा घेतल्याशिवाय ते थांबणार नाही. कुणी पंख्यांचे कॅपॅसिटर बदलून देतो म्हणालं तर नको म्हणा.

लोखंडी कूलर खिडकीच्या गजांवर टेकवला की गज, चौकट, काच सगळं वाजतं. त्याला स्वतःचा स्टँड द्या आणि चौकटीला न चिकटवता मधे जागा ठेवून फोमची पट्टी लावा. कूलरचा छोटा पंप रात्री अचानक ओरडायला लागला तर आधी टाकीतलं पाणी बघा. बहुतेक वेळा ते संपलेलं असतं. आपल्या बोअरच्या जड पाण्यानं पंपाच्या जाळीवर पांढरा थर बसतो, तोही महिन्याला खरवडा.

सगळा आवाज काढणंही बरोबर नाही

हे मी एका अभ्यासिकेत शिकलो. नीटची तयारी करणारी पोरं, पन्नासेक खुर्च्या. मालकानं जुने घरघरणारे पंखे काढून एकदम बिनआवाजाचे बीएलडीसी लावले. पंधरा दिवसांत पोरांच्या तक्रारी वाढल्या: पान उलटल्याचं ऐकू येतं, कुणाची शिंक, पेनाची टकटक, रस्त्यावरचं रिव्हर्स गिअरचं गाणं. मालक मलाच विचारायला लागला, पंखे खराब दिलेत का.

जुन्या पंख्यांची घरघर बाकीच्या आवाजांवर पांघरूण घालत होती. पांघरूण काढलं, खालचं सगळं उघडं पडलं. इमारतीतल्या आवाजाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे केव्हाच ओळखलंय. लिओ बेरानेक या अमेरिकी ध्वनितज्ज्ञानं १९५७ मध्ये एनसी वक्र मांडले, कुठल्या खोलीत कुठल्या पट्टीचा किती आवाज चालेल ते सांगणारे. १९८१ मध्ये वॉरन ब्लेझियरनं पुढं आरसी वक्र आणले, आणि त्यात पातळीबरोबर आवाजाच्या रूपालाही अक्षर दिलं: खर्ज जास्त झाला तर गडगडणारा, वरचे सूर जास्त झाले तर फुसफुसणारा, आणि तोल नीट असेल तर तटस्थ. तटस्थ म्हणजे सूर दुप्पट होईल तशी पातळी पाच-पाच डेसिबल उतरत जाणारा आवाज. दूरच्या धबधब्यासारखा, ज्यात कान कुठंच अडकत नाही.

अभ्यासिकेत आम्ही काही फार केलं नाही. पंखे एक टप्पा वाढवले, म्हणजे हवेचाच सळसळाट आला, त्यात कुठला एक सूर नव्हता. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट घातले, दाराला फेल्ट लावला. तक्रारी कमी झाल्या, बंद नाही झाल्या. रिव्हर्स गिअरच्या गाण्यावर माझ्याकडं इलाज नाही.

मावशींच्या खोलीतही आता पूर्ण शांतता नाही. घूं गेल्यावर महिनाभरानं त्या म्हणाल्या, "आता तो दुसरा ऐकू यायलाय, सपाट." तो डीपी. लाइनमन आणि गल्ली दोघंही थोडे-थोडे बरोबर होते. मी पंखा एकवर ठेवायला सांगितलं, तेवढ्यात तो झाकला गेला.

गेल्या मे महिन्यात सरांचा पुन्हा फोन आला, नळाच्या रात्री घूं परत यायलीय. जाऊन बघितलं तर जिन्याखाली दुपारचं ऊन येतं, तिथं रबरी पॅड वाळून कडक झाले होते आणि होजला भेगा पडायला लागल्या होत्या. दोन्ही बदलले, आणि उन्हाच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावला. तुम्ही हे सगळं करून घेतलं असेल आणि वर्षा-दोन वर्षांनी आवाज परत आला, तर मोटार दुकानात आणण्याआधी पॅड बोटानं दाबून बघा.